जिऱ्याची काडी

शैलेंद्रने तिसरी पेस्ट्री संपवली, बोटं चाटली, तरी पिशवीतला कागद काही बाहेर काढला नाही.

समोर बसून शरच्चंद्र मोजत होता. एक पॅटिस, दोन क्रीमरोल, तीन पेस्ट्र्या. तिसरीवरची लाल चेरी बशीच्या कडेला बाजूला ठेवलेली. म्हणजे ती सगळ्यात शेवटी खायची आहे, म्हणजे स्वारीचा अजून उठायचा विचार नाही. मोजायचं नाही असं शरच्चंद्राने कितीदा ठरवलं होतं, पण सोळा वर्षांची सवय. फॅक्टरीत तो टूल-रूमच्या खिडकीत बसे. कारागीर आपलं पितळेचं टोकन देई, शरच्चंद्र ते त्याच्या नंबराच्या खिळ्याला अडकवी आणि पाना नाहीतर कानस देई. सुट्टी व्हायच्या वेळी पाना परत आला की टोकन परत. गेलं किती, आलं किती, एवढंच त्याचं शास्त्र. माणसांनाही तो तेच लावी. कोण किती बोलला, त्यातलं किती कामाचं, कोण घरी आला तर किती पोळ्या खाऊन गेला.

"देवपुजारीजी, आप समझिए," शैलेंद्र चेरीकडे बघत म्हणाला. "साहब ने सॅंपल लाने को बोला है. पर मैं खुद खाए बिना कैसे लिख दूँ कि ये खाने की चीज है?"

"तुम्ही जे खाऊन राहिले ते सॅंपल नाही ना पण," शरच्चंद्र म्हणाला. "सॅंपल त्या बरणीत आहे."

"तुलना तो करनी पड़ती है," शैलेंद्र म्हणाला, आणि चौथी पेस्ट्री मागवली.

जबलपुरातल्या ओमतीची ही बेकरी म्हणजे शनिवारी जत्रा. पाटीवर इंग्रजी नाव होतं, ते कोणी वाचत नसे. भिंतीवर भलंमोठं बंद घड्याळ होतं म्हणून सगळं शहर तिला घड्याळवाली बेकरी म्हणे. फॅक्टरीवाले, रेल्वेवाले, कॅंटोन्मेंटच्या मडमा, सगळे एकाच काचेला नाक लावून उभे राहत. यंदा काचेवर अजून ब्लॅकआउटचा खाकी कागद चिकटवलेला होता. लढाई थांबून दोन महिने झाले होते, भोंगे बंद झाले होते, पण कागद खरवडून काढायचा उत्साह कोणाला नव्हता. दुपारी तीनलासुद्धा आत कंदिलाच्या उजेडासारखं पिवळं पिवळं वाटे, आणि त्या उजेडात क्रीम जरा जुनंच दिसे.

याच टेबलावर चार वर्षं दर शनिवारी शरच्चंद्र आणि रत्नाकर मोहरील बसत. दोघांत एक पेस्ट्री, दोन चहा. पेस्ट्री रत्नाकर कापी आणि मोठा तुकडा स्वतःकडे ओढून म्हणे, "शर्‍या, तू मोज, मी खातो." निघताना तो बरणीतल्या जिऱ्याच्या लांब, कडक, खारट काड्या घेई. बरोबर सहा. सोमवार ते शनिवार, दिवसाला एक. त्याचं कारण होतं. रत्नाकर भराई सेक्शनमध्ये, म्हणजे तोफगोळ्यांत दारू भरतात तिथे, फिटर होता. तिथे पानेसुद्धा पितळेचे वापरतात, लोखंडावर लोखंड घासून ठिणगी पडू नये म्हणून. अशा जागी बदली झाली तेव्हा त्याने बीडी सोडली. पण ओठांना सवय असते, ती सुटेना. म्हणून ही काडी. खिशात ठेवायची, तलफ आली की ओठांत धरायची, आणि पाळी संपेपर्यंत कुरतडत कुरतडत संपवायची. सगळा सेक्शन त्याला हसे. "मोहरील, बीडी लावली का?" "लावली की," तो म्हणे. "धूर दिसून नाही राहिला का तुला?"

सतरा सप्टेंबरला, भर लढाईत, सेक्शनच्या एका खोलीत स्फोट झाला. खोलीत रत्नाकर एकटाच होता. त्या संध्याकाळी टूल-रूमच्या तीनशे सतरा नंबरच्या खिळ्यावर टोकन तसंच राहिलं. पितळेचा पाना परत आला नाही.

चौकशी झाली. त्या दिवसांत दोनदोन पाळ्या चालत, सेक्शनचे बिनखिशाचे कपडे पुरत नसत, माणसं घरच्याच शर्टात आत जात होती. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच लिहायचं नव्हतं. म्हणून प्रश्न विचारला गेला तो मेलेल्या माणसाच्या खिशाबद्दल. दोस्त म्हणून शरच्चंद्राची साक्ष. साहेब मधे बसलेले, लिहायला त्यांचा कारकून शैलेंद्र.

"मृतक की जेब में आम तौर पर क्या रहता था?"

आणि शरच्चंद्र, सगळं मोजणारा माणूस, बोलून गेला. "काडी रहती थी, साहब. बगैर काडी के वो काम ही नहीं करता था."

जबलपुरात काडी म्हणजे काय, हे तुम्हाआम्हाला सांगायला नको. शैलेंद्रने इंग्रजीत लिहिलं: आगकाडी. मग त्याने कागद पुढे सरकवून विचारलं, "सही है?" हिंदीत त्याचा अर्थ बरोबर आहे ना, असा. शरच्चंद्राला घरच्या भाषेत ऐकू आलं, की सही पाहिजे. त्याने खिशातून पेन काढलं आणि खाली झोकात सही केली.

दीड महिन्याने रत्नाकरच्या बायकोला, नंदाला, पत्र आलं. मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणाने झाला, सबब भरपाई नाही, जागेवर नोकरी नाही, क्वार्टर वर्षअखेर रिकामं करावं. पत्रासोबत साक्षीची नक्कल होती. ती वाचली शरच्चंद्राच्या बायकोने, कुंदाने, आणि वाचून कागद त्याच्या मांडीवर टाकला.

"घरात चमचा कमी झाला तर तुम्हाले स्वैपाकघरात न येता कळते," ती म्हणाली. "तोंडातून काय गेलं ते नाही कळत?"

त्या दिवसापासून शरच्चंद्र साहेबांच्या दाराशी उभा. साक्ष दुरुस्त करा. काडी म्हणजे बिस्किट. साहेब आधी हसले, मग चिडले, आणि बाराव्या खेपेला म्हणाले, ठीक आहे, सोमवारी कागद वर जातील. त्याआधी शैलेंद्र बेकरीत जाईल, ती वस्तू घेऊन येईल, आणि बेकरीवाल्याकडून लिहून आणेल की मयत इसम ती नेत असे. नाही आणलं तर जे आहे ते गेलं.

म्हणून आज हा शनिवार, आणि शैलेंद्रची चौथी पेस्ट्री.

"अच्छा, चलो," शेवटी शैलेंद्रने चेरी तोंडात टाकली आणि कागद काढला. "बुलाइए मालिक को."

मालक मसीहजी गल्ल्यावरून उठून आले. बुटके, हातावर भाजल्याचे जुने डाग, चष्म्यावर मैदा. रत्नाकरचं नाव निघताच त्यांनी चष्मा काढून पुसला, पण मैदा होता तिथेच राहिला.

"ये चीज मोहरील बाबू ले जाते थे?" शैलेंद्रने बरणीकडे बोट केलं.

"चार साल से. हर शनिवार छह."

"इसका नाम?"

"बत्ती," मसीहजी म्हणाले. "जीरा बत्ती."

शैलेंद्रचा हात थांबला. शरच्चंद्राने डोळे मिटून घेतले. भराई सेक्शनमध्ये बत्ती कशाला म्हणतात हे तिघांनाही ठाऊक होतं. दारूला आग पोचवते ती वात.

"वाह," शैलेंद्र म्हणाला. "तो मैं लिखूँ कि मृतक के पास माचिस नहीं थी, बत्ती थी? साहब मुझे भी आपके दोस्त के पास भेज देंगे."

"मसीहजी, याला काडी नाही का म्हणत कोणी?" शरच्चंद्राने विचारलं.

"आप दोनों बोलते थे. और कोई नहीं."

दोघंच. चार वर्षं तो शब्द या टेबलाच्या चार पायांत राहिला होता. त्याच्या पलीकडे त्याचा अर्थ एकच होता. शरच्चंद्राला एकदम वाटलं की रत्नाकर हवा होता, तो मोठ्याने हसला असता, म्हणाला असता, शर्‍या, आता काय करशील?

शैलेंद्र मात्र माणूस वाईट नव्हता. खाण्याला जागणारा होता. त्याने बरणीतून एक काडी मागितली, खिशातून लाकडी पट्टी काढली आणि मापली. मग एक टोक मोडून चावलं, डोळे बारीक केले, आणि लिहायला लागला. मोठ्याने वाचून दाखवत: "नमकीन बिस्किट, गोल, लंबाई छह इंच, जीरा लगा हुआ. स्थानीय मराठी परिवार इसे काडी कहते हैं." मग पेन उचलून म्हणाला, "आखिरी बात. जिस हफ्ते हादसा हुआ, उस हफ्ते ले गए थे?"

बाहेर सायकलींच्या घंट्या वाजत होत्या. कोणीतरी काचेला नाक लावून केक किती उरले ते बघत होतं.

शरच्चंद्राला बरोबर आठवत होतं. अकरा सप्टेंबर, शनिवार. दोघं आले होते तेव्हा बरण्या पालथ्या होत्या. मैदा नव्हता, साखर नव्हती, मसीहजी रिकाम्या काउंटरवर हात टेकून म्हणाले होते, "आज तो पाव भी नहीं, बाबू." रत्नाकरने मागच्या शनिवारी नेलेल्या सहा अकराला सकाळीच संपल्या होत्या. पुढचा सबंध आठवडा त्याच्या खिशात बिस्किट असणं शक्यच नव्हतं.

आणि ही गोष्ट इथेच थांबली असती तरी शरच्चंद्राने सोसली असती. पण पुढचं फक्त त्याला माहीत होतं. गुरुवारी, सोळा तारखेला, बारा तासांची पाळी संपवून दोघं फाटकाबाहेर आले. फाटकाबाहेर चहाची टपरी आहे, तिच्या फळीवर सगळे आपापल्या माचिसी ठेवून आत जातात. डबीवर ज्याचा त्याचा टोकन नंबर खरडलेला. शरच्चंद्राने आपली डबी उचलून बीडी पेटवली. रत्नाकर बघत राहिला. चार दिवस त्याच्या ओठांत काहीच नव्हतं.

"एक दे ना रे," तो म्हणाला. "घरी जाऊन ओढीन. नंदाले नको सांगू."

शरच्चंद्राने एक बीडी दिली. "आणि पेटवशील कशाने? घरात माचिस मागितली की वहिनी विचारतील." असं म्हणून डबीतून दोन काड्या काढल्या, आणि डबीच्या कडेचा घासायचा तुकडा फाडून दिला. रत्नाकरने ते सगळं शर्टाच्या खिशात टाकलं. शुक्रवारी सकाळी तो आत गेला तेव्हा अंगात कोणता शर्ट होता, हे शरच्चंद्राने पाहिलं नव्हतं. पाहिलं नव्हतं, असं तो स्वतःला रोज सांगे.

मग त्या दिवशी साहेबांसमोर तो काडी म्हणाला, ती कुठली? बिस्किटाची म्हणाला, असं त्याने कुंदाला सांगितलं, साहेबांना बारा वेळा सांगितलं. पण जीभ घसरली ती कुठून कुठे घसरली, याचा हिशोब काही लागत नव्हता.

"बोलिए," शैलेंद्र मसीहजींना म्हणाला. "उस हफ्ते?"

मसीहजींनी शरच्चंद्राकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"ले गए थे," ते म्हणाले. "छह. मैंने अपने हाथ से बाँधी थीं."

शैलेंद्रने लिहिलं. "सही?" त्याने विचारलं, आणि या खेपेला मसीहजींनी सहीच केली. काडीचा उरलेला तुकडा पाकिटात घालून लाखेने बंद करायचा म्हणून शैलेंद्रने मेणबत्ती मागितली. ती पेटवायला मसीहजींनी खिशातून माचिस काढली तेव्हा तिघंही उगीच दुसरीकडे बघायला लागले.

जाताना शैलेंद्रने घरच्यांसाठी चार क्रीमरोल बांधून घेतले. तो गेल्यावर शरच्चंद्र काउंटरवर सहा काड्या घ्यायला उभा राहिला. मसीहजी वर्तमानपत्रात त्या गुंडाळत हळूच म्हणाले, "उस हफ्ते भट्टी इतनी ठंडी थी बाबूजी, बिल्ली ने अंदर बच्चे दिए थे. चार." आणि दोरा दाताने तोडला.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. भरपाई मंजूर, आणि विधवेला नोकरी. त्याच सेक्शनला लागून बायकांची पॅकिंगची खोली होती, तिथे. क्वार्टर तिच्या नावावर राहणार. साहेबांनी शरच्चंद्राला बोलावून म्हटलं, "आपका बिस्किट अच्छा था," आणि हसले. सॅंपल त्यांनी खाल्लं असावं.

रविवारी दुपारी शरच्चंद्र आणि कुंदा नंदाकडे गेले. हातात तीच सहा काड्यांची पुडी. चेरीतालच्या आपल्या घरापासून क्वार्टरपर्यंत कुंदा डबलसीट बसली होती आणि वाटेत दोनदा म्हणाली, "चला, निदान एवढं तरी धड केलं तुम्ही." शरच्चंद्र पॅडल मारत राहिला.

नंदा तीन महिन्यांत वाळून गेली होती. तिची आठ वर्षांची बेबी अंगणात ठिक्कर टाकून लंगडी खेळत होती. कुंदा तिच्या वेण्या घालायला म्हणून बाहेर गेली. शरच्चंद्राने पुडी पुढे केली.

"रत्नाकरच्या आवडीच्या," तो म्हणाला.

नंदा पुडी घेऊन स्वैपाकघरातल्या फळीशी गेली. फळीवर एक पत्र्याचा डबा पालथा घातलेला होता. तो तिने सरळ केला, आत फुंकर मारली.

"हा डबा ते जायच्या आधीच्या शनिवारपासून पालथाच आहे, भाऊजी," ती म्हणाली. "बेकरीतून रिकामाच परत आणला होता त्यांनी. मीच धुऊन ठेवला." तिने काड्या एकेक करून आत उभ्या केल्या. "मसीहजींनी लिहून दिलं म्हणे, सहा नेल्या. भला माणूस आहे."

शरच्चंद्राने पुडीचा कागद उचलून त्याची घडी घातली.

"मला एक सांगा. त्यांनी बीडी सोडली होती ना?"

"सोडली होती."

"शुक्रवारी शर्ट अंगावर चढवला तेव्हा मला वास आला. तंबाखूचा. खिशाला. मी बोलली नाही. रात्री उशिरा आलेला माणूस, सकाळी पाच वाजता परत चाललेला, काय बोलायचं?" नंदाने चुलीजवळची माचिस उचलली, उघडून बघितली, बंद केली. "घरात ही एकच असते. त्या दिवशी किती काड्या होत्या मी मोजलं नव्हतं. कोण मोजते हो? आता मोजून राहिली. रोज सकाळी. चाळीस, अडतीस, छत्तीस. त्या दिवशी दोन कमी होत्या का, एक होती, काहीच कळत नाही. माझ्याच घरातून गेली असेल का हो काडी? मीच लक्ष नाही दिलं का?"

अंगणातून कुंदाचा आवाज आला, "हलू नको गं, भांग वाकडा होऊन राहिला."

शरच्चंद्राने सोळा वर्षांत त्या एका पान्याखेरीज दुसरा हरवू दिला नव्हता. ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्या खिळ्याला लावणं हेच त्याचं काम. तो दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला.

"नाही वहिनी," तो म्हणाला. "घरातली नव्हती."

"तुम्हाला काय माहीत?"

नंदा त्याच्याकडे बघत राहिली. आधी नुसतंच, उत्तराची वाट बघतात तसं. मग तिची नजर हळूहळू खाली आली, त्याच्या शर्टाच्या खिशावर. तिथे बीडीचं बंडल होतं आणि त्याला टेकून माचिस, अर्धी वर आलेली. सप्टेंबरपासून ती डबी त्याने टाकली नव्हती, नव्या काड्या तिच्यातच भरत आला होता; वर खरडलेला नंबर दिसत होता. एका कडेचा घासायचा पट्टा फाटलेला होता.

नंदाने चुलीजवळची माचिस जागेवर ठेवली. फार सावकाश. काड्यांच्या डब्याला झाकण लावलं, आणि ते बसेना म्हणून तळव्याने दाबलं, एकदा, दोनदा.

"बसा बाहेर," ती म्हणाली. "चहा करते."

चहा आला. कुंदाने घेतला, बेबीने बशीत ओतून घेतला, नंदा चौकटीशी टेकून प्यायली. बोलणं झालं ते नोकरीचं. सोमवारी किती वाजता फाटकावर पोचायचं, बायकांची झडती कोण घेतं, कपडे तिकडेच मिळतात का. "मिळतात," शरच्चंद्र म्हणाला. "बिनखिशाचे." त्यावर नंदाने मान हलवली, पण त्याच्याकडे न बघता.

परतताना उन्हं उतरली होती. चढावर शरच्चंद्र सायकल हातात धरून चालत होता, कुंदा शेजारून. ओमतीचं वळण आलं. तशी ती म्हणाली, "अहो, आज कप तीनच काहून आणले नंदानं? आपण तर चौघं होतो."

बेकरीपुढे रविवारची गर्दी होती. काचेवरचा खाकी कागद कोणीतरी एका कोपऱ्यातून खरवडायला घेतला होता.

"मी मोजले नाहीत," शरच्चंद्र म्हणाला.